टाचा पादुकांकडे

एक

अपमानाचा स्वभाव पाण्यासारखा असतो. तो नेहमी उताराकडे वाहतो. ज्याला तो वरून मिळतो त्याला वर परत पाठवता येत नाही, आणि स्वतःजवळ मुरवून टाकण्याइतके खोल मन फार थोड्यांना लाभते. मग तो खाली सरकत सरकत अशा माणसापाशी येऊन थांबतो, ज्याच्या खाली आणखी कोणी उरलेले नसते. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या 'औदुंबर छाया' या वसाहतीत यंदा तो माळ्याच्या खोलीपाशी येऊन थांबला.

यंदा चैत्र आणि वैशाख कोरडे गेलेच नाहीत. अवकाळी पावसाने वसाहतीतली हिरवळ सतत भिजत राहिली आणि तिच्यावर ताटाएवढी तपकिरी वर्तुळे उमटली. वसाहतीतल्याच अनुपमा कारखानीस तेव्हा गुडघे सांभाळत खाली उतरल्या होत्या. त्यांची उभी हयात एका सरकारी प्रयोगशाळेत संशयास्पद नमुने तपासण्यात गेली होती. गवताचे एक पाते भिंगाखाली धरून त्यांनी निदान केले, की ही बुरशी आहे. संध्याकाळचे पाणी बंद करावे, कापलेले गवत तिथेच पडू देऊ नये आणि बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या घ्याव्यात, असा त्यांचा सल्ला होता. माळी अंबादास याने तो तंतोतंत पाळला. पहिल्या फवारणीनंतर वर्तुळे भरून येऊ लागली आणि वसाहतीच्या ग्रुपवर अंबादासच्या नावाने टाळ्यांची चित्रे पडली.

दुसऱ्या फवारणीनंतर आठवडाभरात सारी हिरवळ मेली.

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती वाळक्या पेंढ्यासारखी पिवळी पडली. अनुपमाबाई पुन्हा खाली आल्या तेव्हा भर उन्हात अंबादास उकिडवा बसून ते मेलेले गवत हातांनी उपटत होता. सज्जांतून माणसे पाहत होती.

"हे कोणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारले.

"कमिटीनं, बाई. म्हणले, मारलंस तूच, आता उपट पण तूच." अंबादासने मान वर केली नाही. "रविवारी मीटिंग आहे. खोली खाली करायची म्हणत्यात."

खोली म्हणजे पंपघराला टेकून असलेली त्याची एकुलती एक, चार भिंतींची सावली. त्याची बायको चंपा हिची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली होती. या आवाराची प्रत्येक फरशी, प्रत्येक वळण तिच्या अनवाणी पायांना पाठ होते; दुसरी कुठलीही जागा तिच्यासाठी नुसता अंधार होता. ती दारात रिकामी बादली घेऊन बसली होती.

"पाणी पण तोडलं, बाई," ती म्हणाली. "नळ कालपासून कोरडा आहे."

अनुपमाबाई वाकल्या आणि त्यांनी मेलेल्या गवतातून एक रोप उचलले. मग दुसरे. त्यांचा चेहरा हळूहळू कठीण झाला. त्यांच्या हातात लव्हाळा होता आणि आंबुशी होती. दोन्ही तण, आणि दोन्ही मेलेली.

गवताची बुरशी तणाला शिवत नाही. बुरशीनाशक तर कुठल्याच रोपाला मारत नाही. या हिरवळीवर कोणीतरी तणनाशक फवारले होते.

दोन

"म्हणजे डबे बदलले त्याने," वसाहतीचा अध्यक्ष सौरभ परुळेकर म्हणाला. तो तिशीतला, धावण्याचे बूट घालून सदा घाईत असलेला तरुण होता. "शेडमध्ये तणनाशकाचा डबा होता ना, पेव्हर ब्लॉकच्या फटींतलं गवत मारायला. हा शहाणा तोच घेऊन मारत सुटला. सिंपल आहे, ताई."

"आणि मुद्दाम केलं नसेल तर?"

"तर मूर्ख आहे. मूर्खाला तरी खोली कशाला द्यायची?"

"शेडची किल्ली कोणाकडे असते?"

"एक अंबादासकडे, एक माझ्याकडे, एक गार्डन कमिटीच्या नंदूकाकांकडे. आणि हो, त्या किरणने पण माझी नेली होती एकदा, माप घ्यायला." सौरभ हसला. "माझ्यावर डाऊट घेऊ नका हां. मला तिथे पार्किंग हवंय हे सगळ्यांना माहितीये. मी लपवलंच नाही कधी."

"पाणी तोडायचं तुम्हीच ठरवलंत?"

"नाही यार. ती आयडिया नंदूकाकांची. म्हणाले, ज्यानं गवताचं पाणी तोडलं त्याला पाणी कशाला. सगळे हो म्हणाले, मीपण म्हणालो."

किरण हा प्लास्टिकचे गवत विकणारा, पलीकडच्या इमारतीत राहणारा गृहस्थ. हिरवळ मरण्याआधीच त्याच्याकडे नमुन्याच्या गुंडाळ्या तयार होत्या. अनुपमाबाईंनी तेच विचारले तेव्हा त्याने खांदे उडवले.

"धंदा आहे, ताई. करपा पडला तेव्हाच मला वाटलं, आज ना उद्या हे बोलावतील. ह्या गवताला ना बुरशी, ना माळी. एकदा टाका, झकास." तो बुटांच्या लांबलचक नाड्या सोडवत दाराशीच बसला होता. "मी मारलं असतं तर इतकं गाढवासारखं सगळं एकदम मारलं नसतं. कोपऱ्याकोपऱ्याने मारलं असतं. लोकांना सवय होऊ द्यावी लागते."

त्याचा हा निर्लज्ज प्रामाणिकपणा ऐकून बाई तिथून निघाल्या.

त्या चंपाकडे गेल्या. जाताना त्यांनी घरून पाण्याची कळशी नेली होती.

"बाई, कोणी ऐकत नाही म्हणून सांगत नव्हते," चंपा म्हणाली. "ह्यांनी दुपार कलल्यावर औषध मारलं, ते मला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पंप वाजला. आपला पाठीवरचा पंप, त्याच्या दांड्याची कुरकुर मी ओळखते. तेव्हा हे माझ्याशेजारी घोरत होते."

"कमिटीला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, वा, आंधळी आय विटनेस. लई हसले." तिने कळशी चाचपून जवळ ओढली. "आणखी एक आहे, बाई. ह्यांचा आवाज नेहमी औदुंबराच्या झाडाकडून आमच्या दाराकडे येतो. त्या पहाटेचा आवाज दाराकडून झाडाकडे गेला."

अनुपमाबाईंनी अंबादासकडे पाहिले. तो हात धूत होता. एवढ्याशा पाण्यात धुता येतील तितके.

"औषध मारताना मागं मागं सरायचं, बाई," तो म्हणाला. "माझ्या बापानं लावलेली सवय. ओल्यावर पाय द्यायचा नाही. म्हणून तिकडनं धरतो अन् दारापाशी संपवतो."

त्या पहाटे जो कोणी आला, तो दारापासून सुरू करून पुढे पुढे, स्वतःच फवारलेल्या विषावरून चालत गेला होता. त्याच्या पायांना ते लागलेच असणार. अनुपमाबाईंनी नजर उचलून पाहिले. हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला औदुंबराचा पार होता, आणि पाराभोवती गवताचा एक पट्टा अजून हिरवागार होता.

तीन

पारावर दत्ताच्या पादुका होत्या. समोरच्या बाजूने फरशीची वाट होती आणि येणारे सारे तिथेच पायताण काढत. नंदूकाका धुरी पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा येत. काकांचे वडील गिरणीत होते. काका स्वतः कचेरीतून निवृत्त झाल्यापासून वसाहतीची बाग आणि हा पार हेच आपले राज्य मानीत. अनुपमाबाई चपला काढून पार चढल्या तेव्हा काकांनी छत्रीच्या टोकाने त्यांच्या चपला उलट फिरवल्या.

"पुढची टोकं देवाकडे नकोत, अनुपमा. लाथ मारल्यासारखं दिसतं. टाचा देवाकडे हव्यात. किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?"

"चुकलं, काका."

ते प्रसन्न झाले. शिस्त मोडणाऱ्याने चूक कबूल केली की ते नेहमीच प्रसन्न होत.

"मीटिंगला येणार आहेस ना? माळ्याची बाजू घेऊ नकोस म्हणजे झालं. दया कुपात्री घातली की पाप लागतं."

"चंपाचं पाणी तोडलंत, काका. ते कुठल्या पात्री?"

नंदूकाकांनी गंध उगाळता उगाळता हात थांबवला. "शिक्षा आहे ती. उन्हाळ्यात हिरवळ तडफडून मेली, तेव्हा कोणी कळवळलं का? मी आधीच सांगत होतो, आंबट ताक फवारा. आमच्या गावाला वेलींवर तेच मारतात. पण तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईने भर मीटिंगमध्ये काय सांगितलं, आठवतं ना?"

अनुपमाबाईंना आठवत होते. 'काका, ताकाची कढी करू आणि गवताला बुरशीनाशक देऊ,' असे त्या म्हणाल्या होत्या. हसण्यावारी. त्या दिवसापासून नंदूकाकांचे नाव कढीकाका पडले होते. मुले जिन्यावरून 'कढी गरम' ओरडत. ग्रुपवर कोणीतरी वाटीचे चित्र टाकी आणि मग बाकीचे चमचे टाकीत.

"गंमत होती, काका."

"हो तर. गंमतच." त्यांनी पादुकांवर गंध लावले. बोटे स्थिर होती. मग त्यांनी डोळे मिटून स्तोत्र सुरू केले. ते संथ लयीत, एकही अक्षर न गाळता, अखेरपर्यंत म्हणत. तोवर मागे थांबलेली माणसे चुळबुळू लागत आणि निघून जात. बाईही निघाल्या. काकांचे उच्चार खरोखर निर्दोष होते. ज्या मुखातून इतके शुद्ध अक्षर बाहेर पडते त्याच मुखातून 'पाणी तोडा' हेही निघते, या विचाराने त्यांना उतरताना पायरी चुकल्यासारखे झाले.

खाली सौरभ भेटला. तो धावता धावता छातीला हात लावून पुढे गेला, बूट न काढता. त्याचा देव धावत्याला पावणारा होता.

"सौरभ, एक उपकार कर," बाईंनी त्याला हाक मारून थांबवले. "रविवारपर्यंत पाराभोवतालच्या गवताला कोणीही हात लावायचा नाही. कापायचं नाही, उपटायचं नाही."

"का?"

"तणनाशक लगेच मारत नाही. मुळापर्यंत उतरायला दिवस घेतं. थेट फवारलेल्या ठिकाणी लवकर, आणि तळव्याने पुसट लागलेल्या ठिकाणी उशिरा. जो चालत आला असेल, त्याची पावलं गवत अजून दाखवणार आहे."

सौरभने तोंड वाकडे केले. "म्हणजे गवत साक्ष देणार? आधी आंधळी, आता गवत. मस्त चाललंय."

पण त्याने शब्द पाळला. शनिवारी सकाळी अनुपमाबाई पाराच्या मागच्या अंगाला गेल्या आणि जागच्या जागी खिळल्या.

हिरव्या पट्ट्यातून फिकट पिवळी पावले हिरवळीकडून पाराकडे येत होती. पारापाशी ती संपत होती. आणि तिथे, पाराच्या दगडाला लागून, गवत दोन चपलांच्या आकारात मेले होते.

चार

रविवारी सभा हिरवळीच्या कडेलाच भरली. खुर्च्या मांडल्या होत्या. अंबादास आणि चंपा उभे होते. चंपाच्या हातात गाठोडे होते. ते बांधायला तिला कोणी सांगितले नव्हते, पण सभेचा निकाल आधीच कानांवर आला होता.

"ताई, दहा मिनिटं," सौरभ म्हणाला. "मग ठराव."

"उठा सगळे," अनुपमाबाई म्हणाल्या, "आणि माझ्याबरोबर पाराच्या मागे या."

कुरकुरत माणसे उठली. मागच्या बाजूला गेल्यावर कुरकुर आपोआप थांबली.

"हिरवळ बुरशीने मेली नाही, कारण तणही मेलं," बाईंनी शांतपणे सांगितले. "अंबादासच्या चुकीनेही मेली नाही. तो झाडापासून सुरू करतो आणि उलट्या पावलांनी दारापाशी संपवतो. हे तुम्ही सगळ्यांनी सज्जांतून पाहिलंय. त्याच्याकडून डबा चुकला असता, तरी त्याची ओली पावलं इथे उमटली नसती. ही पावलं हिरवळीतून पाराकडे आली आहेत. चंपाने पहाटे ऐकलं तेच गवताने लिहून ठेवलंय."

"पण हा पण घालतो ना चपला," मागून कोणी म्हणाले.

"तो फवारताना गमबूट घालतो. आणि तो बौद्ध आहे. या पाराशी तो कधी थांबला आहे का, ते तुम्हीच सांगा. इथे थांबत नाही म्हणून तुमच्यापैकी काहींनी त्याला टोमणेही मारले आहेत."

बाईंनी वाकून पाराच्या दगडाजवळ बोट दाखवले.

"या दोन चपला पाहा. चालताना पाऊल क्षणभर टेकतं, म्हणून येणारी पावलं फिकट आहेत. या दोन मात्र कोरल्यासारख्या आहेत. विषाने भिजलेल्या चपला इथे बराच वेळ ठेवलेल्या होत्या. म्हणजे फवारणी उरकून, हात तसेच असताना, कोणीतरी पार चढलं आणि सावकाश, पूर्ण पाठ म्हणत बसलं. सौरभ बूट काढत नाही. किरणला नाड्या सोडवायलाच इतका वेळ लागतो की तो नमस्कार रस्त्यावरूनच उरकतो. जे बाकीचे येतात ते फरशीवर चपला काढतात आणि जशा निघतील तशा टाकतात." त्या किंचित थांबल्या. "आता टाचा कुठे आहेत ते पाहा."

सगळ्यांनी पाहिले. दोन्ही पिवळ्या टाचा पादुकांकडे होत्या. पुढची टोके बाहेर, शेजारी शेजारी, रेघ ओढल्यासारखी.

एकामागून एक माना वळल्या. नंदूकाका मागे, छत्रीच्या आधाराने उभे होते. ते नाकारतील असे अनुपमाबाईंना वाटले होते. पण ते त्या दोन ठशांकडे असे पाहत होते, की जणू देवाने त्यांचे नाव घेऊन हाक मारली होती.

"त्या दिवशी मी देवाची क्षमा मागितली," ते पुटपुटले. "सगळं स्तोत्र म्हटलं. एकही अक्षर सोडलं नाही."

"का केलंत, काका?" सौरभने विचारले.

काका बोलू लागले आणि इतक्या वर्षांची घासूनपुसून ठेवलेली भाषा गळून पडून गावची बोली वर आली. "तुमी सगळे माका हसलास. कढी, कढी, कढी. माजो नातूय हसलो. आनि त्या माळ्याक टाळये. माजा ताक वायट, आनि तेचा फवारूचा वखद बरा? मग म्हटलंय, बगूया तेचा वखद."

"आणि आंधळ्या बाईचं पाणी?" बाईंनी विचारले.

काकांनी फक्त अनुपमाबाईंकडे पाहिले. पहिला चमचा कोणी टाकला होता, हे दोघांनाही ठाऊक होते. बाईंची नजर खाली गेली. उत्तर सापडले होते, आणि त्याची एक मुळी त्यांच्याच जिभेपाशी निघाली होती.

पाच

अंबादास निर्दोष ठरला, एवढ्यावर सभेचे समाधान झाले असते तर ही कथा इथेच संपली असती. पण आठवडाभर पेटवत ठेवलेली चूल कोणी रिकामी ठेवीत नाही.

"मग काकांनी उपटावं," कोणीतरी म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा ना?"

"बरोबर. मारलंस तूच, उपट पण तूच."

"कढीकाका, पदर खोचा."

हसणे सुरू झाले. किरणने कुठून तरी खुरपे आणून काकांच्या पायाशी टाकले. सौरभ ठरावाचा कागद दुमडत राहिला. बहुमताविरुद्ध बोलायची त्याला सवय नव्हती.

"थांबा," अनुपमाबाई म्हणाल्या. "हे पुरे झालं."

कोणी थांबले नाही. त्यांच्या शब्दाला काल किंमत नव्हती, तशी आजही नव्हती. तर्क पटला होता, एवढेच. नंदूकाका खाली बसले. वयाने गुडघे कुरकुरले. त्यांनी वाळक्या गवताची एक मूठ उपटली, मग दुसरी. वर सज्जांतून मोबाइल निघाले.

"राहा रे अंबादास, झालं गेलं," सौरभ ओशाळून म्हणाला. "खोली तुमचीच."

"आधी नळ सोडा," अंबादास म्हणाला.

चंपाने गाठोडे खाली ठेवले. "कोण उपटतंय?" तिने विचारले.

"नंदूकाका."

ती अनवाणी पावलांनी, अचूक, त्या आवाजापर्यंत गेली. ती आता शिव्या देईल की क्षमा करील, हे पाहायला माणसे पुढे सरकली. चंपाने वाकून जमीन चाचपली, बोटे मातीत रुतवली.

"काका, चपला काढून बसा," ती म्हणाली. "खाली कुठं एखादं मूळ जिवंत असेल. चेंगरेल."

तिच्या स्वरात राग नव्हता आणि दयाही नव्हती. नंदूकाकांनी चपला काढल्या. आणि मग, हातांना आयुष्यभराची सवय होती म्हणून, त्यांनी त्या उचलून शेजारी शेजारी लावल्या, टाचा पादुकांकडे करून.

सभेत असा हशा पिकला की औदुंबरावरचे पक्षी उडाले. तो फोटो दुपारपर्यंत वसाहतीतल्या प्रत्येक हातात पोचला. खाली लिहिले होते, 'साक्षीदार'. अनुपमाबाईंच्या हातातही तो आला. त्यांनी तो पाहिला, आणि नंतर त्या खाली जाऊन नंदूकाकांच्या शेजारी बसल्या आणि न बोलता गवत उपटू लागल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. पंपघरापाशी नळ सुटल्याचा आवाज आला आणि चंपाची बादली भरू लागली.

ज्यांनी विष टाकले त्यांच्या हातांना पुन्हा माती लाभो. ज्यांच्या जिभेने पहिले बी पेरले त्यांना ती आवरण्याचे बळ मिळो. हसणाऱ्यांची पोटे एक दिवस शांत होवोत. आणि ज्या अनवाणी पायांना या आवाराची वाट पाठ आहे, त्यांच्याखाली मृगाच्या सरींनंतर गवत पुन्हा उगवो, मऊ, ओले आणि कोणाचीही साक्ष न ठेवणारे.